एकवीस सेकंद

मागच्या जुलैत दोन दिवस ताडकळसला आत्याकडे गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. ताडकळस म्हणजे परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात. पुण्यातल्या मित्रांना नुसतं नाव सांगितलं की 'कुठे आलं ते?' असं विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकलं :)

आत्याचा मुलगा, म्हणजे माझा दादा, गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा काढून देणे, दाखल्यांचे अर्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि हंगामात योजनांचे फॉर्म. मी खरं तर झोपा काढायच्या बेताने गेलो होतो. पण एका योजनेची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती आणि केंद्राबाहेर सकाळी आठपासून माणसं बसलेली. त्यात रस्त्याच्या कामात आदल्या दिवशी केबल तुटलेली. दादा मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून काम रेटत होता.

"नेट लई स्लो चालायलंय रे. तू इंजिनिअर ना, बघ की जरा."

मी बघितलं. ब्राउझरमध्ये सगळं झकास उघडत होतं. यूट्यूबसुद्धा अडखळत नव्हतं. अडत होतं ते एकच. फॉर्म भरताना सही-शिक्क्यासाठी संगणकावर एक छोटा प्रोग्राम चालवावा लागायचा, तो सर्व्हरशी बोलायला गेला की नुसता थिजून बसायचा. मग अचानक पुढे जायचा. एका फॉर्ममध्ये असं चार वेळा. बाहेर बसलेले एक काका म्हणाले, "खेड्यातलं नेट असंच असतंय बाबा." कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांना ते पटलेलंच होतं.

मी सहज म्हणून मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. एकवीस सेकंद. पुन्हा लावलं. एकवीस. तिसऱ्यांदा, एकवीस.

आता ज्यांनी नेटवर्किंगमध्ये थोडे फार हात काळे केले आहेत त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. नेट खरंच स्लो असेल तर आकडा कधी बारा येईल, कधी तीस. दर वेळी अगदी तोच आकडा येतो तेव्हा कुणीतरी घड्याळ लावून वाट बघत असतं. दादाच्या जुन्या विंडोज ७ ची ती सवय आहे. दार ठोठवायचं, तीन सेकंद थांबायचं, पुन्हा ठोठवायचं, सहा सेकंद थांबायचं, पुन्हा ठोठवायचं, बारा सेकंद थांबायचं आणि मग नाद सोडायचा. तीन, सहा आणि बारा, एकवीस. म्हणजे संगणक आधी एका बंद दारावर एकवीस सेकंद उभा राहत होता आणि मग दुसऱ्या, उघड्या दाराने आत जात होता.

बंद दार होतं आयपीव्ही६ चं. उघडं होतं आयपीव्ही४ चं. आणि ही एकवीस सेकंदांची भानगड आजची नाही. १५ वर्षांपूर्वी तिने गूगल-याहूपासून सगळ्यांची झोप उडवली होती. त्या दोन दिवसांत झोप तर काही झाली नाही, पण या इतिहासात मात्र बराच हिंडलो. तोच आज लिहितोय.

तर मुळापासून. आंतरजालावर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. आपण वर्षानुवर्षं वापरतो ते पत्ते आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे. तिचा आराखडा सप्टेंबर १९८१ मध्ये पक्का झाला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटी पत्ते. तेव्हा पूर्ण अर्पानेटवर काहीशेच यंत्रं होती, त्यामुळे ४२९ कोटी म्हणजे कधीच न संपणारा साठा वाटला असणार. या चारच्या आधी अर्पानेटवर एनसीपी नावाचा वेगळाच प्रोटोकॉल होता. तिथून टीसीपी/आयपीवर यायचं कसं, याचा बेत जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये लिहून काढला. एक वर्ष मुदत. त्या वर्षात दोन्ही भाषा बोलणारी काही मधली यंत्रं दुभाष्याचं काम करतील. आणि १ जानेवारी १९८३ ला एनसीपी बंद. नुसतं कागदावर नाही हं, लोक मनावर घेत नाहीत म्हटल्यावर १९८२ च्या मध्यात एक दिवस एनसीपी खरोखर बंद करून दाखवलं गेलं. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं त्या दिवशी काय झालं असेल याची कल्पना करा. तरीही काही केंद्रांना जानेवारीनंतर आणखी काही महिने लागलेच. शेवटी लोकांनी 'आम्ही टीसीपी/आयपीच्या स्थित्यंतरातून वाचलो' अशा अर्थाचे बिल्ले छातीवर लावले.

आपल्याकडे असं काही झालं का? झालं, आणि मुंबईत झालं. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगलोरची आयआयएससी आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही संस्था. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी. परदेशाशी जोडणारी तार इथूनच गेली, ९.६ किलोबिट वेगाची. आज आपण एक 'गुड मॉर्निंग' फोटो पाठवतो तो त्या तारेवरून जायला काही मिनिटं लागली असती. गंमत अशी की त्या काळात टीसीपी/आयपी जिंकेल असं कुणी ठामपणे सांगू शकत नव्हतं. जगभरच्या सरकारांना ओएसआय नावाची दुसरी, जास्त रीतसर प्रणाली पुढची वाटत होती. अर्नेटने काय केलं? दोन्ही चालवल्या. एकाच कण्यावर टीसीपी/आयपीही आणि ओएसआयही. बिल्ले नाहीत, तारीख नाही, कुणाला बंद करून दाखवणं नाही. १९९५ च्या सुमारास जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली आणि ओएसआय आपोआप मागे पडली. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

म्हणजे स्थित्यंतराचे दोन रस्ते. एक, ठरल्या दिवशी सगळ्यांनी एकदम उडी मारायची. दोन, दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवायचं आणि जुनं आपल्या मरणाने मरू द्यायचं. चारकडून सहाकडे जायची वेळ आली तेव्हा पहिला रस्ता शक्यच नव्हता. डिसेंबर १९९५ मध्ये सहाचा पहिला आराखडा आला, १२८ बिटांचे पत्ते घेऊन. पण तोवर आंतरजाल कुणा एकाच्या ताब्यात राहिलेलं नव्हतं. १ जानेवारीला बंद करा, असं सांगणार कोण आणि ऐकणार कोण? म्हणून दुसरा रस्ता धरला. प्रत्येक यंत्रावर चारही आणि सहाही, आणि दोन्ही असतील तर आधी सहा वापरून बघायचा.

हे ऐकायला किती सोपं वाटतं! पण या दोघांचं एकमेकांशी मुळीच जमत नाही. चारचं यंत्र सहाच्या यंत्राशी थेट बोलूच शकत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत, कारण आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी हे मनमाडला भोगलेलं आहे. निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हैदराबादहून नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला पोचणारी लाईन झाली ती मीटर गेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर. आणि मनमाडची मुंबईची लाईन ब्रॉड गेज, १६७६ मिलिमीटर. मुंबईहून परभणीला यायचं तर मनमाडला उतरा, बोचकी उचला, पलीकडच्या फलाटावर जा, दुसऱ्या गाडीची वाट बघा. माल तर एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायचा. नव्वदच्या दशकात ही लाईन ब्रॉड गेज होईपर्यंत हेच चाललं. बाबा सांगतात, गाडी हळू आहे म्हणून कुणी चिडायचं नाही, गाडी बरी पळायची. वेळ जायचा तो मनमाडला.

सहाच्या सुरुवातीच्या काळात हीच रड होती. सहाची बेटं इकडे तिकडे विखुरलेली, मध्ये सगळा चारचा समुद्र. मग २००१ मध्ये '६टू४' नावाची युक्ती आली. सहाचं पाकीट चारच्या पाकिटात घालायचं आणि १९२.८८.९९.१ या ठरावीक पत्त्यावर पाठवायचं. तो पत्ता जगात अनेक ठिकाणी एकाच वेळी असायचा, जो जवळ असेल तो रिले पाकीट फोडून पुढे धाडेल. आता 'जवळ' म्हणजे नकाशावरचं जवळ नव्हे, तर नेटवर्कच्या वाटा जे जवळ म्हणतील ते. तो रिले दुसऱ्या खंडातही असू शकायचा. जाताना एक रिले, येताना दुसराच. तो कुणी चालवलाय, नीट चालवलाय का, बिघडला तर फोन कुणाला करायचा, काही ठरलेलं नाही. शिवाय पाकिटात पाकीट घातल्यावर ते फुगतं, आणि वाटेत कुठे फुगलेलं पाकीट मावलं नाही तर कित्येकदा गुपचूप फेकून दिलं जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विंडोज आणि काही घरगुती राउटर ही युक्ती आपणहून चालू करायचे. घरातल्या माणसाला पत्ताही नाही (दोन्ही अर्थांनी) की आपण सहावर गेलोय. २०१५ मध्ये तो रिलेचा प्रकार अधिकृतपणे मोडीत काढला, तेव्हा कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

मग मोठ्या साइट्सपुढे पेच पडला. समजा आपण आपल्या नावापुढे चारच्या जोडीला सहाचाही पत्ता लावला. ज्यांच्याकडे सहा धड आहे त्यांचं ठीक. ज्यांच्याकडे मुळीच नाही त्यांचंही ठीक. पण ज्यांच्या यंत्राला वाटतं की आपल्याकडे सहा आहे आणि प्रत्यक्षात ते मोडकं आहे, त्यांचं काय? ते बंद दारावर उभे राहणार. विंडोजवर एकवीस सेकंद, मॅकवर पंचाहत्तर. असे लोक किती? मोजणी झाली तेव्हा साधारण हजारात एखादा. तुम्ही म्हणाल, मग इतकं काय त्यात! पण गूगलसाठी हजारात एक म्हणजे लाखो माणसं, आणि त्यातला प्रत्येकजण हेच म्हणणार की गूगल बंद पडलंय. म्हणून गूगलने २००८ मध्ये सहासाठी वेगळं नावच काढलं, आणि २००९ पासून फक्त ज्या नेटवर्कची खात्री पटली आहे त्यांनाच मुख्य साइटचा सहाचा पत्ता सांगायला सुरुवात केली. बाकीच्यांपासून तो लपवला.

हे कोडं शेवटी सगळ्यांनी मिळून फोडलं. ८ जून २०११. गूगल, फेसबुक, याहू आणि इतर शेकडो साइट्सनी एकाच दिवशी, २४ तासांसाठी सहाचे पत्ते उघड केले. सगळ्यांनी एकदम केलं की 'फक्त तुमचीच साइट बंद आहे' असं कुणी म्हणू शकणार नाही, हा त्यातला साधा पण बेरकी विचार. दिवस शांतपणे पार पडला. वर्षभराने, ६ जून २०१२ ला, पत्ते उघड केले ते कायमचे.

आणि त्याच सुमारास, एप्रिल २०१२ मध्ये, डॅन विंग आणि अँड्र्यू यूर्चेंको यांनी एकवीस सेकंदांवर औषध लिहून दिलं. त्याचं नाव 'हॅपी आयबॉल्स', म्हणजे बघणाऱ्याचे डोळे सुखी राहोत. बंद दारावर ताटकळत बसूच नका. सहाचं दार ठोठवा, अगदी थोडा वेळ बघा, आणि तोवर ओ आली नाही तर चारचंही ठोठवा. जे आधी उघडेल त्यातून आत जा. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत हा 'थोडा वेळ' २५० मिलिसेकंद सुचवला आहे. पाव सेकंद! क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळ्यांनी असलं काहीतरी आत घातलं आणि ब्राउझर वापरणाऱ्यांची तक्रार मिटली.

इथे मला थोडं बोलायचंय. हॅपी आयबॉल्स ही हुशारीची गोष्ट आहे यात वाद नाही. पण तिने आजार बरा केला नाही, दुखणं थांबवलं. पूर्वी एखाद्या साइटचा सहाचा सर्व्हर मेला की बोंबाबोंब व्हायची आणि कुणीतरी तो दुरुस्त करायचं. आता सर्व्हर सहा महिने मेलेला असला तरी ब्राउझरवाल्याला कळत नाही, साइटवाल्यालाही कळत नाही. त्याच्या ऑफिसातल्या कुठल्याही ब्राउझरवर साइट मस्त उघडते. कळतं ते फक्त ज्याच्या हातात ब्राउझर नसून कुठलासा जुना प्रोग्राम आहे त्याला. आणि अशी माणसं तक्रार करायला ट्विटरवर येत नाहीत. ती केंद्राबाहेर बाकावर बसलेली असतात.

आता प्रश्न असा की ताडकळसच्या हॉटस्पॉटवर सहा आलाच कुठून? हा भाग मला सगळ्यात आवडतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये चारच्या पत्त्यांचा जागतिक साठा संपला. १५ एप्रिल २०११ ला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा तळाला लागला, जगात सगळ्यात आधी. त्यानंतर कुठल्याही संस्थेला मिळायचे ते जास्तीत जास्त १०२४ पत्ते. भारताच्या वाट्याला एकूण आले होते चार कोटींच्या आसपास. दूरसंचार खात्याला हे दिसत होतं. जुलै २०१० मध्येच त्यांनी राष्ट्रीय आराखडा काढला होता, की डिसेंबर २०११ पर्यंत मोठ्या सेवादात्यांनी आणि मार्च २०१२ पर्यंत सरकारी खात्यांनी सहावर यावं. त्या तारखा गेल्या. २०१३ मध्ये दुसरा आराखडा आला, पुढे नव्या मुदती, त्याही सरकत राहिल्या. तारांचे जुने जोड, जुने राउटर, जुने मोडेम. चालतंय ना, मग कशाला हात लावा!

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. सहा महिन्यांच्या आत १० कोटी ग्राहक. म्हणजे सबंध देशाच्या वाट्याला आलेल्या पत्त्यांच्या दुपटीहून जास्त, आणि तेही एका कंपनीचे. हे चारवर शक्यच नव्हतं. नवं कोरं फोर-जी नेटवर्क, जुनं काही सांभाळायचं नाही, तेव्हा त्यांनी ते सहावरच उभं केलं. चारच्या जुन्या साइट्ससाठी दुभाषे ठेवले, म्हणजे शेवटी मनमाड आलंच, पण ते कंपनीच्या आत, नीट सांभाळलेलं. दुसऱ्या खंडातल्या अनोळखी माणसाच्या भरवशावर नाही. काही वर्षांत बाकीच्या मोबाईल कंपन्याही त्याच वाटेने आल्या. आज गूगलच्या मोजणीत भारतातले दोन-तृतीयांशाहून जास्त लोक सहावरून येतात आणि भारत जगात अगदी वरच्या रांगेत आहे.

वेगाचं म्हणाल तर सहा स्वतः हळू नाही. उलट चारवर वाटेत हजारो लोकांना एकाच पत्त्यामागे कोंबणारी यंत्रं लागतात, सहावर ती टळतात. २०१५ मध्ये फेसबुकने सांगितलं होतं की त्यांची साइट सहावरून दहा-पंधरा टक्के लवकर उघडते. प्रत्येक ठिकाणी तेवढा फरक पडेलच असं नाही, पण सहा म्हणजे स्लो ही समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही.

म्हणजे त्या दिवशी केंद्रात चित्र नेमकं उलटं होतं. तुटलेली केबल होती निव्वळ चारची, म्हणून आदल्या दिवसापर्यंत सहाचा प्रश्नच आला नव्हता आणि सगळं सुरळीत होतं. हॉटस्पॉट लावल्याबरोबर संगणकाला पहिल्यांदाच खरा, धड सहा मिळाला. त्या योजनेच्या साइटने नावापुढे सहाचा पत्ता लावला होता. (कुणीतरी, कुठल्याशा मुदतीसाठी, यादीत टिक करायला.) पण त्या पत्त्यावर उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मी ताडकळसहून तपासलं, मग पुण्याच्या आमच्या एका सर्व्हरवरून तपासलं. दोन्हीकडून बंद. जुनं, मोडकं, अर्धवट जे होतं ते खेड्यात नव्हतंच.

दादाला हे सगळं सांगत बसायला वेळ नव्हता. एका माणसामागे चार वेळा एकवीस, म्हणजे ८४ सेकंद. बाहेर ४० माणसं. जवळजवळ एक तास निव्वळ बंद दारावर उभं राहण्यात जाणार होता, आणि दुपारी वीज जायची ती वेगळीच. विंडोजमध्ये कुठल्या पत्त्याला आधी विचारायचं याचा एक तक्ता असतो. त्यात चारला सहाच्या वर आणून ठेवलं. दोन ओळींचं काम. प्रोग्राम पुन्हा चालवला, लगेच पुढे गेला.

"काय केलास रे?"

"नेट मागे घेतलं," मी म्हणालो. "४० वर्षं."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. ज्या गोष्टीचं मी वर एवढं कौतुक केलं तीच मी त्या यंत्रावर मागे ढकलून आलो, हे मला अजून खुपतं. पण ४० माणसं समोर बसलेली असताना मी दुसरं काही केलं असतं असंही वाटत नाही. त्या संध्याकाळी साइटवर दिलेल्या तांत्रिक मदतीच्या पत्त्यावर सगळी मोजमापं जोडून सविस्तर मेल लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आमच्याकडे साइट व्यवस्थित उघडत आहे, कृपया आपले इंटरनेट तपासावे.'

मी पुन्हा लिहिलं. ब्राउझरने बघू नका, थेट सहाच्या पत्त्यावर जोडणी करून बघा, असं अगदी कमांडसकट. त्याला उत्तर आलं नाही. परवा हे लिहायला घेतलं तेव्हा पुन्हा तपासलं. पत्ता तसाच लावलेला आहे, दार तसंच बंद. दादाच्या यंत्रावरचा तो तक्ता मला दिवाळीला गेल्यावर परत पहिल्यासारखा करायचा होता, पण आता तूर्तास तरी तो तसाच राहणार असं दिसतंय.